फुगवट्यानंतरची ऊब : थंड पडलेले विश्व पुन्हा कसे तापले?

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले आणि त्यानंतर आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत त्यांची पुस्तके पुन्हा कपाटाबाहेर आली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र, विज्ञानकथा, विश्वरचनेवरचे लेख. त्या वाचनातून एक पेच उभा राहिला. नातवंडांच्या पुस्तकात विश्व महास्फोटातून निर्माण झाले असे छापलेले असते. आणि ज्यांच्यामुळे आपल्या पिढीला विश्वरचनाशास्त्र नावाचा विषय आहे हे कळले, त्या नारळीकरांनी हा सिद्धांत शेवटपर्यंत मान्य केला नाही. मग मुलांना सांगायचे काय?

सगळ्या वादाचा निकाल लावणे आम्हा कॉमर्सवाल्यांच्या आवाक्यातले नाही. पण त्यातला एक तुकडा असा आहे की जमाखर्च समजणाऱ्या माणसाला तो चांगला कळतो, आणि गंमत म्हणजे मुलांच्या पुस्तकात तो नसतोच. महास्फोटाची ती प्रचंड उष्णता आली कुठून?

आधी शब्दाचे बोलू. ‘इन्फ्लेशन’ म्हटले की आम्हा निवृत्त बँकवाल्यांना रेपो रेट आणि तूरडाळीचा भाव आठवतो. खगोलशास्त्रात हा शब्द ॲलन गुथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने रूढ केला. कल्पना सुचली डिसेंबर १९७९ मध्ये, निबंध छापून आला जानेवारी १९८१ मध्ये. त्या काळात अमेरिकेत महागाई आभाळाला भिडली होती, त्यामुळे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होताच. आपण त्याला इथे ‘फुगवटा’ म्हणू.

फुगवट्याची गरज का पडली? आकाशात कुठल्याही दिशेला पाहिले तरी मंद सूक्ष्मलहरींचे प्रारण येत असते. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी ते जाहीर केले. त्याचे तापमान आज २.७२५ केल्विन आहे, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस. पूर्वेकडचे प्रारण घ्या नाहीतर पश्चिमेकडचे, तापमानातला फरक लाखात एक भाग इतकाच. आता आकाशाची ही दोन टोके एकमेकांपासून इतकी दूर आहेत की साध्या महास्फोटाच्या हिशेबाने त्यांचा एकमेकांशी कधी संपर्कच आलेला नसावा. दोन अनोळखी शाखांच्या वह्यांत शेवटच्या पैशापर्यंत एकच शिल्लक निघाली, तर कुठलाही ऑडिटर विचारील की हे दोघे आधी कधी भेटले होते का. गुथचे उत्तर असे की हो, भेटले होते. सुरुवातीला ते अगदी जवळ होते, तापमान एकसारखे करून घ्यायला त्यांना वेळ मिळाला होता, आणि मग अवकाशच भयंकर वेगाने फुगले व ते दूर फेकले गेले.

किती फुगले? निदान एकावर सव्वीस शून्ये इतक्या पट, असे सर्वसाधारण गणित आहे. याचा अंदाज यावा म्हणून आपल्या ओळखीचा हिशेब करू. आठ टक्के चक्रवाढीने रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. एका रुपयाचे एवढे रुपये व्हायला तो सुमारे ८७ वेळा दुप्पट व्हावा लागेल, म्हणजे मुदतठेव पावणेआठशे वर्षांहून जास्त काळ ठेवावी लागेल. विश्वाने हे ८७ दुपटीकरण सेकंदाच्या अशा अंशात उरकले की तो लिहायला दशांशचिन्हानंतर तीसेक शून्ये द्यावी लागतात. चक्रवाढ तीच, फक्त मुदत निराळी.

आणि इथेच अडचण सुरू होते. लांबी एवढ्या पट वाढली, तर घनफळ त्याच्या तिसऱ्या घाताने वाढते: एकावर ७८ शून्ये. फुगवट्याआधी विश्वात जे काही कण असतील ते इतके विरळ झाले की नसल्यासारखेच. उष्णता असेल तर तीही त्याच प्रमाणात गेली. फुगवटा संपला तेव्हा विश्व मोठे, गुळगुळीत, रिकामे आणि गार होते. पण आपल्याला तर माहीत आहे की पुढच्या काही मिनिटांत ते अणुभट्टीसारखे तापलेले होते, कारण हायड्रोजनपासून हेलियम तेव्हाच तयार झाले. विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वजनापैकी सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, तो मुख्यतः त्या काळातला. तेव्हा गार विश्व आणि तापलेले विश्व या दोन पानांच्या मध्ये एक पान असलेच पाहिजे. त्या पानाला शास्त्रज्ञ ‘रीहीटिंग’ म्हणतात, म्हणजे पुनर्तापन. यातले ‘पुनर्’ तितकेसे बरोबर नाही. गुथच्या मूळ कल्पनेत फुगवट्याआधीही विश्व गरम होते, म्हणून ते नाव पडले. नंतरच्या अनेक आराखड्यांत आधी गरम असण्याची काही गरजच उरलेली नाही. तिथे हेच पहिले तापणे. आणि मुलांच्या पुस्तकातला तो ‘महास्फोट’, म्हणजे कणांचा आणि प्रकाशाचा तप्त लोळ, प्रत्यक्षात या पानावरच सुरू होतो.

गुथला स्वतःला हे पान लिहिता आले नव्हते, आणि त्याने ते आपल्या निबंधातच कबूल केले होते. त्याच्या आराखड्यात फुगवटा ठिकठिकाणी बुडबुडे होऊन संपायचा, उकळत्या पाण्यासारखा. सगळी ऊर्जा बुडबुड्यांच्या भिंतींत अडकायची. बुडबुडे एकमेकांवर आदळले तर ती मोकळी होणार, पण मधले अवकाश इतक्या वेगाने फुगत राहायचे की ते पुरेसे आदळायचेच नाहीत. १९८२ मध्ये मॉस्कोत आंद्रेई लिंडे यांनी, आणि अमेरिकेत आल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट यांनी वेगळी वाट काढली. मॉस्कोतलेच अलेक्सेई स्टारोबिन्स्की १९८० मध्येच दुसऱ्या रस्त्याने अशाच जागी पोचले होते.

नवी वाट समजायला उकाई धरण डोळ्यांसमोर आणा. तापीचे पाणी उंचावर अडवलेले आहे. वरून पाहिले तर जलाशय शांत, काही घडत नाही. पण त्या उंचीत ऊर्जा साठलेली आहे. पाणी खाली आले की जनित्र फिरते. फुगवट्याच्या काळात सगळ्या अवकाशात एक क्षेत्र पसरलेले होते असे मानतात. चुंबकाभोवती चुंबकीय क्षेत्र असते तसे, पण याला दिशा नाही, प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा. त्याला ‘इन्फ्लॅटॉन’ असे नाव आहे. या क्षेत्राची किंमत उंच पठारावर होती आणि उतार इतका मंद की ते हळूहळू सरकत होते. जोवर ते उंचावर, तोवर अवकाश फुगत राहते. पठार संपून कडा आला की ते दरीत घसरते आणि फुगवटा थांबतो.

इथे जमाखर्चाचा एक प्रश्न येतो, तो आमच्या मित्रमंडळींत हमखास विचारला जातो. अवकाश वाढत असताना या क्षेत्राची घनता जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे दर घनमीटरला तितकीच ऊर्जा, आणि घनमीटर मात्र वाढत चाललेले. मग ही जादा ऊर्जा कुठून जमा झाली? उत्तर असे की गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा खात्याच्या नावे बाजूला पडते, ती ऋण असते. एका बाजूला द्रव्याची ऊर्जा जमा होते, दुसऱ्या बाजूला गुरुत्वाची तितकीच नावे पडते, आणि ताळेबंद जुळलेला राहतो. (प्रसरणशील विश्वात ‘एकूण ऊर्जा’ ही संज्ञाच नीट मांडता येत नाही असे काटेकोर लोक सांगतात, त्यामुळे हे चित्र म्हणूनच घ्यावे.) गुथ याला फुकटचे जेवण म्हणतो. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ही म्हण ऐकत इथे आयुष्य काढलेल्या आम्हाला या उपमेचे विशेष कौतुक वाटले.

आता दरीत आलेले क्षेत्र काय करते? तळाशी येऊन गपकन थांबत नाही. वाटीच्या काठावरून सोडलेल्या गोटीसारखे ते तळ ओलांडून पलीकडे चढते, परत येते, पुन्हा चढते. अवकाशभर एकाच तालात ही आंदोलने चालू राहतात. फुगवट्यातली सगळी पुंजी आता या हेलकाव्यांत आहे. तिचे कणांत आणि प्रकाशात रूपांतर कसे झाले, हाच मूळ प्रश्न.

पहिले उत्तर १९८२ मध्येच तीन वेगवेगळ्या गटांनी दिले, आणि ते साधे आहे. क्षेत्राची आंदोलने म्हणजे जड, जवळपास स्थिर इन्फ्लॅटॉन कणांचा साठा समजा. हे कण अस्थिर असतात आणि किरणोत्सारी अणूप्रमाणे एकेक करून फुटतात, त्यांतून हलके कण निघतात. प्रत्येक कण आपल्या मर्जीने फुटतो, शेजाऱ्याशी त्याचा संबंध नाही. कर्जाचे हप्ते ठरल्या गतीने येत राहावेत तसा हा प्रकार. दरम्यान विश्व प्रसरण पावतच असते. प्रसरणाची गती मंदावून फुटण्याच्या गतीइतकी झाली की बहुतेक साठा संपतो, आणि त्या क्षणी जी ऊर्जा हातात असते त्यावर विश्वाचे तापमान ठरते. कण जितके आळशी, तितके अंतिम तापमान कमी.

आठेक वर्षे हेच उत्तर चालले. १९९० मध्ये जेनी ट्राशेन आणि रॉबर्ट ब्रँडेनबर्गर यांनी त्यात एक गोष्ट राहून गेल्याचे दाखवले, आणि १९९४ मध्ये लेव्ह कॉफमन, लिंडे व स्टारोबिन्स्की या तिघांनी तिचे पूर्ण चित्र उभे केले. ही गोष्ट समजायला सुरतेसारखे गाव नाही, कारण इथे घरोघरी झोपाळा आहे.

झोपाळ्यावर उभे राहून झोका चढवणारी मुले आठवा. मागून ढकलणारे कोणी नाही, पाय जमिनीला लावायचे नाहीत. मूल फक्त योग्य वेळी गुडघे वाकवते आणि सरळ करते, एका झोक्यात दोनदा. त्याने झोक्याची परिणामकारक लांबी कमीजास्त होते, आणि तेवढ्यावर झोका चढत जातो. प्रत्येक फेरीत ठरावीक अंतर नाही, तर आहे त्याच्या प्रमाणात वाढ. म्हणजे पुन्हा चक्रवाढ! मात्र एक अट आहे: झोका अगदी निश्चल असेल तर कितीही उठाबशा काढा, तो हलत नाही. सुरुवातीला थोडी तरी हालचाल पाहिजे.

इन्फ्लॅटॉनचे आंदोलन म्हणजे त्या उठाबशा. दुसरी जी क्षेत्रे आहेत, ज्यांच्या लहरी म्हणजे पुढे आपले कण होणार, त्यांचे झोके या आंदोलनाशी जोडलेले आहेत. इन्फ्लॅटॉनची किंमत बदलली की त्यांची कंपनाची गती बदलते. ताल जुळला की हे झोके चक्रवाढीने चढतात. आणि सुरुवातीची थोडी हालचाल? ती पुंजयांत्रिकी पुरवते. तिच्या नियमांनुसार कुठलेही क्षेत्र संपूर्ण निश्चल राहूच शकत नाही. आम्हाला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. रिकाम्या अवकाशातली जी थरथर व्यवहारात काही मोजण्यासारखी नाही, तिच्याशिवाय एकही झोका चढला नसता.

या टप्प्याला त्या तिघांनी ‘प्रीहीटिंग’ म्हटले, म्हणजे पूर्वतापन. हप्त्यांनी वसुली होणार तिथे अचानक बँकेवर गर्दी लोटावी तसे हे आहे. दारात दहा माणसे दिसली की शंभर येतात, शंभर दिसली की हजार. प्रकाशकणांच्या जातीचे कण असेच वागतात: एका अवस्थेत जितके कण आधी असतील, तितकी त्याच अवस्थेत नवा कण येण्याची शक्यता जास्त. म्हणून मोजक्या आंदोलनांतच बरीचशी पुंजी बाहेर पडू शकते. इलेक्ट्रॉनच्या जातीचे कण मात्र एका जागी एकच, त्यांची गर्दी होऊ शकत नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा लोंढा लवकर अडतो.

गर्दी तरी किती चालणार? बाहेर पडलेले कण इतके होतात की ते इन्फ्लॅटॉनलाच अडथळा करू लागतात. ताल मोडतो, झोके विस्कटतात. पुढचा भाग फार गुंतागुंतीचा आहे आणि तो संगणकावर गणिते करूनच पाहावा लागतो. उरलेला साठा जुन्या पद्धतीने, एकेक फुटत संपवला जातो.

पण कण तयार झाले म्हणजे विश्व ‘गरम’ झाले असे नाही, आणि हे बऱ्याच लेखांत सुटून जाते. सुरुवातीला ऊर्जेची वाटणी अगदी विषम असते; काही अवस्थांत कणांची खच्चून गर्दी, बाकी रिकाम्या. तापमान हा शब्द सरासरीचा आहे, वाटणी झाल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. कण एकमेकांवर आदळतात, ऊर्जा हातोहात फिरते, आणि बऱ्याच देवाणघेवाणीनंतर ती सर्वांत नियमाने वाटली जाते. तेव्हाच विश्वाला तापमान मिळते. आज आपल्या अवतीभोवती प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये त्या प्राचीन प्रारणाचे सुमारे ४१० प्रकाशकण आहेत. चहाच्या कपात मावतील असे कित्येक हजार. त्यांची वंशावळ मागे नेली तर ती या वाटणीपर्यंत पोचते.

ते तापमान किती होते? इथे आम्ही वाचकांना स्पष्ट सांगतो की अनिश्चितता अचाट आहे. हेलियमचे प्रमाण जुळायचे तर विश्व निदान काही हजार कोटी केल्विनपर्यंत तापलेले असलेच पाहिजे. वरची मर्यादा साधारण एकावर २८ शून्ये केल्विन. किमान आणि कमाल यांत एकावर सतरा-अठरा शून्यांचा फरक! कुठल्याही कर्जाच्या प्रस्तावात असा अंदाज आला असता तर आम्ही फाइल परत पाठवली असती. पण यात शास्त्रज्ञांचा आळस नाही. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये टाकीत पाच रंग पूर्ण ढवळून एकजीव झाले की कुठला डबा आधी ओतला हे पाणी पाहून सांगता येत नाही. ऊर्जेची वाटणी पूर्ण झाली की तसेच होते, मागच्या नोंदी पुसल्या जातात. शिवाय ज्या प्रारणाचे आपण फोटो काढतो ते विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असतानाचे आहे. त्याआधीचे विश्व अपारदर्शक होते.

नारळीकरांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी लागू पडतो. ज्या ऊर्जांबद्दल आपण इथे बोलतो त्या माणसाच्या सर्वांत मोठ्या कणत्वरकाच्या ऊर्जेहून अब्जावधी पट जास्त आहेत. तिथले भौतिकशास्त्र कोणी तपासलेले नाही, आणि न तपासलेल्या नियमांवर एवढी इमारत उभी करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नुसता विरोध करून विषय टाळला मात्र नाही. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली तिचे ते संस्थापक संचालक, आणि १९९१ मध्ये सहकारी थानू पद्मनाभन यांच्यासह त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसाठी फुगवट्यावरच एक विस्तृत आढावा लिहिला. न पटणारी गोष्ट आधी नीट मांडायची आणि मग तपासायची, हे काम सोपे नाही. त्याच आयुकातले वरुण साहनी यांनी पुढे स्टारोबिन्स्कींबरोबर संशोधन केले.

आणखी एक गोष्ट आम्हाला रंजक वाटते. केंब्रिजमध्ये गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह नारळीकरांनी जे स्थिर स्थितीचे विश्व मांडले, त्यातही अवकाश चक्रवाढीने वाढते, आणि त्यातही एका क्षेत्रातून द्रव्य निर्माण होते. त्या क्षेत्राची ऊर्जा ऋण मानली, म्हणजे हिशेब जुळतो. फरक इतकाच की हॉइल-नारळीकरांकडे द्रव्य हप्त्याहप्त्याने, सदासर्वकाळ येते. फुगवट्याच्या आराखड्यात ते एकरकमी, एकदाच. सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा समाधानकारक खुलासा न झाल्याने स्थिर स्थितीचा सिद्धांत बहुतेकांनी सोडला. पण क्षेत्रातून द्रव्य येते हा विचार, ज्यासाठी त्या काळी टीका झाली, तो आज पुनर्तापनाच्या रूपाने प्रस्थापित बाजूकडे बसलेला आहे.

तेव्हा मुलांना काय सांगावे? आमचे मत असे. विश्व एकेकाळी फार तप्त होते, ही नोंद ऑडिट झालेली आहे. प्रारण आणि हेलियम हे तिचे पुरावे. त्याआधी फुगवटा झाला, ही नोंद बऱ्याच मोजमापांशी जुळते, पण शिक्का पडलेला नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या गटाने फुगवट्यातल्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले होते, आणि पुढच्याच वर्षी ती खूण मुख्यतः आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची निघाली. आणि फुगवट्यानंतर तापणे नेमके कसे झाले, हप्त्यांनी की गर्दीने, हे अजून कच्च्या खतावणीत आहे. सिटीलाइटच्या सायन्स सेंटरमधले तारांगण पाहून आलेले मूल हे तीन प्रकार सहज वेगळे ठेवू शकते. त्याला सगळे एकाच सुरात सांगण्याची गरज नाही.

कच्ची नोंद पक्की होण्याचे काही मार्ग आहेत. पुनर्तापन किती काळ चालले यावर आजच्या आकाशातले कुठले डाग फुगवट्याच्या कुठल्या क्षणी उमटले हे थोडे सरकते, त्यामुळे प्रारणाचे नकाशे अधिक अचूक झाले तर काही पर्याय बाद करता येतील. दुसरा मार्ग गुरुत्वलहरींचा. पूर्वतापनाच्या त्या गर्दीत अवकाशालाही हादरे बसले असणार. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे; एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या तिच्या भुजा सेकंदाला दहापासून काही हजार कंपनांपर्यंतच्या लहरी टिपतील. पूर्वतापनाच्या लहरींची कंपने मात्र, बहुतेक आराखड्यांनुसार, सेकंदाला लाखो ते अब्जावधी असायला हवीत. त्या हिंगोलीत ऐकू येणार नाहीत. त्यांच्यासाठी छोटी, टेबलावर मावतील अशी वेगळी यंत्रे लागतील, आणि ती सध्या बहुतांशी कागदावर आहेत.